पन्नास हजार तासांची थाप

४ मार्च, शनिवार, संध्याकाळ

आजपासून रोजनिशी. पुढे पुरावा लागणार आहे.

प्लम क्रीक पिस्तूल क्लबाचा अध्यक्ष ड्वेन पोस्पिशिल याने आज नवी टूम काढली. सत्तरीच्या पुढच्या रेंज ऑफिसरने नोव्हेंबरच्या सभेआधी डोळ्यांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायचं. सत्तरीच्या पुढचे रेंज ऑफिसर क्लबात किती? एक. मी. लीलंड कुचेरा, वय एकाहत्तर. बावीस वर्षं ती लाल टोपी माझ्या डोक्यावर आहे. मी 'लाइन बंद' म्हटलं की पिस्तुलं खाली जातात आणि माणसं टार्गेटकडे चालायला लागतात. मी 'लाइन सुरू' म्हटल्याशिवाय एक गोळी सुटत नाही. बावीस वर्षांत कुणाला साधं खरचटलेलं नाही. आणि ज्याला स्वतःच्या ट्रॅक्टरचा रिव्हर्स गियर अजून सापडत नाही, तो शुंभ माझे डोळे तपासायला निघालाय.

सर्टिफिकेट आणतं माझं खेटर, असं भर सभेत सांगून आलो. मग नोव्हेंबरात मतदान घेऊ, म्हणाला. घे म्हटलं.

५ मार्च, रविवार

चर्चमध्ये उपाय सुचला. पाळकाचं प्रवचन चालू असताना मला नेहमीच चांगलं सुचतं, कारण ते ऐकावं लागत नाही.

ड्वेनने पिस्तुलावर नवा रेड डॉट बसवलाय. बोटभर काच, तिच्यात लाल ठिपका, तो टार्गेटवर ठेवायचा आणि चाप ओढायचा. आतला नाण्याएवढा सेल म्हणे पन्नास हजार तास चालतो. तुला कुणी सांगितलं? तर डब्यावर लिहिलंय! पन्नास हजार तास म्हणजे पाच वर्षं आठ महिने. डब्यावर छापलेलं वाचून मान डोलावणारा माणूस आमचा अध्यक्ष.

ठराव: पाच कंपन्यांचे पाच डॉट. पाचांत नवे सेल. एकाच दिवशी सुरू करायचे आणि नोव्हेंबरपर्यंत रोज दोनदा नुसत्या डोळ्यांनी तपासायचे. कुठला आधी मेला, कुठला तगला, त्याचा तक्ता सभेत भिंतीवर लावायचा. ज्या माणसाने आठ महिने, दिवसातून दोनदा, राईएवढ्या ठिपक्याचा उजेड पारखलाय, त्याच्या नजरेवर कोण बोट ठेवतो ते बघतोच. सर्टिफिकेटचा बाप असेल तो तक्ता.

११ मार्च, शनिवार

पाचही आले. तळघरात डीप फ्रीझरवर रांगेत मांडले.

पक्षपाताचा आरोप नको म्हणून कंपन्यांची नावं वापरायची नाहीत. सगळ्यात महागडा, जाड काचेचा, भारदस्त, तो 'लीलंड'. सगळ्यात स्वस्त, ज्याच्या प्लास्टिकचा वास अजून जात नाही, तो 'ड्वेन'. मधले दोन माझ्या बायकोच्या, आर्लिसच्या, भावांच्या नावाने, 'मिलो' आणि 'गिल्बर्ट'. दिसायला बरे, कामाच्या नावाने शंख. पाचव्याच्या डोक्यावर सौर पट्टी आहे, फुकटच्या उन्हावर जगतो, म्हणून तो 'पाळक'.

डॉटमध्ये एक सोय असते. पिस्तूल हललं नाही की ठिपका झोपतो, उचललं की जागा होतो. नवखा माणूस इथेच फसतो. रोज उचलून बघतो, रोज ठिपका हजर, आणि हा खूश! मी पाचांचीही ती सोय बंद केली. उजेडाची पायरी सहावी. बटणाला बोट लावायचं नाही. मी काही लल्लूपंजू नाही.

आर्लिस म्हणाली, फ्रीझरमधून मटण काढायचं झालं तर हे सगळं कुठे ठेवू? म्हटलं, नोव्हेंबरपर्यंत काढू नकोस. ती हसली. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी विनोद कधी करतो आणि कधी नाही, एवढंही बाईला कळत नाही.

१२ मार्च, सकाळी ६

पाचही पेटलेले. लीलंड सर्वांत तेजस्वी. अपेक्षेप्रमाणे.

संध्याकाळी ७

पाचही.

२४ मार्च, शुक्रवार

चर्चच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपासाचं जेवण, म्हणजे मटण बंद, मासळी चालते. ड्वेन लांबूनच ओरडला, काय रे लीलंड, फ्रीझरवर अंडी उबवतोयस म्हणे, पिल्लं कधी निघणार? सगळे खिदळले. मार्सी डोलेझलसुद्धा. ही बया शाळेची बस चालवते. क्लबात येऊन दोन वर्षंही झाली नाहीत, आणि ड्वेनला माझी टोपी तिच्या डोक्यावर बघायचीय. बस हाकणं आणि रेंज सांभाळणं यात त्याला फरक दिसत नसेल तर काय बोलायचं.

माशावर सॉस म्हणून व्हॅनिला पुडिंग घेतलं. वाडगे शेजारी शेजारी ठेवतात आणि हॉलमध्ये उजेड दमडीचा नाही. तसंच खाल्लं. मुद्दाम घेतलं असं सांगितलं. वाईट लागत नाही.

१६ एप्रिल, रविवार, सकाळी ६

लीलंडच्या ठिपक्याला आज शेपूट फुटलंय. काल नव्हतं.

संध्याकाळी ७

मिलोलाही शेपूट. ड्वेनचे तर सरळ दोन ठिपके. स्वस्त माल, दुसरं काय.

१८ एप्रिल, मंगळवार

मोठा शोध. सेल उतरायला लागला की उजेडावरचा ताबा सुटतो आणि ठिपका पसरायला लागतो! आजवर हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण रोज दोनदा डोळे फाडून बघायची चिकाटी कुणाकडे होती? नाव दिलं: कुचेराचा फैलाव. तक्त्यात वेगळा रकाना आखला. पायऱ्या तीन. आधी लिंबू, मग शेपूट, मग कोबी.

आर्लिसला समजावून सांगितलं. तिने विचारलं, आणि कोबीनंतर? म्हटलं, मरण.

२२ एप्रिल, शनिवार

रेंजवर फैलाव समजावला. अर्धे लोक खोकत होते. मार्सी म्हणाली, मिस्टर कुचेरा, सेल उतरला की ठिपका मंद होतो, नाहीतर लुकलुकतो, पण पसरत नाही. तुम्हाला पसरलेला दिसत असेल तर एकदा डोळे दाखवून या ना. माझ्या बाबांचंही असंच झालं होतं.

हिच्या बाबांशी माझा काय संबंध? साठ पोरांच्या गोंगाटात रोज बसून डोक्याचं भरीत झालेलं असतं, त्यावर शास्त्र शिकवायला निघाली. म्हटलं, बाई, तू रस्त्याकडे बघ. तिने पिशवी आवरायला घेतली. ड्वेन मात्र माझ्याकडे बघत राहिला. चिडला असणार.

६ मे, शनिवार

गिल्बर्ट कोबीला पोचला, तेही आठ आठवड्यांत. पन्नास हजार तास म्हणे! चौदाशेसुद्धा झाले नाहीत. कंपनीला परत पाठवला. सोबत चार पानी पत्र. त्यात 'दरोडेखोर' हा शब्द तीनदा आलाय. आर्लिसने वाचून विचारलं की तीनदा कशाला? दोनदा लिहून भागलं असतं तर दोनदाच लिहिला असता.

२० मे, शनिवार

पिकअप मागे घेताना आमचीच टपालपेटी आडवी झाली. खांबासकट. ती आर्लिसने गेल्या वर्षी राखाडी रंगवली होती. राखाडी रस्ता, राखाडी आभाळ, राखाडी पेटी. कुणाला दिसणार? सांगितलं की रंग निवडताना विचारत जा. तिने नवीन आणून केशरी रंगवली आहे.

९ जून, शुक्रवार

गिल्बर्ट परत आला. सोबत कंपनीच्या कुणा पोरीचं पत्र. तपासलं, दोष आढळला नाही. तुमचाच सेल आहे, जवळजवळ भरलेला आहे. ठिपका स्वच्छ आणि गोल आहे. ग्राहकाने एकदा दुसऱ्या डोळ्याने बघावं ही विनंती.

बघा या लबाडांना. गुपचूप दुरुस्त केला, नवा सेल घातला, आणि वर मलाच शहाणपण. फ्रीझरवर ठेवला आणि बघितलं तर अजून कोबीच. म्हणजे दुरुस्तीही धड जमली नाही.

दुसऱ्या डोळ्याने बघायचं म्हणे. दुसऱ्याने तर त्याहून वाईट दिसतो. एवढं साधं कळत नाही यांना.

४ जुलै, मंगळवार

तळ्यावर फटाके. यंदा भिकार. प्रत्येक फटाका कोबी. आजूबाजूचे लोक 'अहाहा' करत होते. लोकांना काय, आभाळात काहीही फुटलं तरी तोंड उघडून बघत बसतात.

येताना समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत सुया खुपसल्यासारखे. हल्लीच्या दिव्यांना कसली म्हणून शिस्त नाही. आर्लिस म्हणाली, गाडी मी घेते. घेऊ दिली. तिला बरं वाटतं.

२२ जुलै, शनिवार, सकाळी ६.१०

लीलंड मेला.

काचेत नुसता लालसर धूर. ठिपका नाही. चारशे डॉलरचा माल, साडेचार महिन्यांत खल्लास. तळघरातून ओरडून सांगितलं, आर्लिस, लीलंड मेला! ती वरून म्हणाली, मग नाश्त्याला एकच अंडं करू ना?

बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवला. झाकण लावलं. तक्त्यात काळी फुली.

आज रेंजवर एका टार्गेटवर मी नऊ गुण दिले आणि मार्सीने हळूच येऊन सांगितलं की त्यातलं एक भोक म्हणजे बसलेली माशी आहे. तिने हात हलवला तेव्हा भोक उडून गेलं. टार्गेटवर माश्या बसू द्यायच्या नाहीत, असा नियम करायला हवा.

१२ ऑगस्ट, शनिवार

मिलोही गेला. परवा गिल्बर्ट, दुसऱ्यांदा. डब्यात तिघे.

राहिले पाळक आणि ड्वेन.

१३ ऑगस्ट, रविवार

रात्रभर एकच विचार. पाळक रडतखडत चाललाय. म्हणजे शेवटी कोण जिंकणार? ड्वेन! प्लास्टिकचा वास येणारा! सभेत भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं असेल, 'विजेता: ड्वेन'. तो त्याचा फोटो काढून चौकटीत लावेल. मेलो तरी चालेल, हे होता कामा नये.

१४ ऑगस्ट, सोमवार, सकाळी ६

धूळ पुसताना ड्वेनच्या बटणाला चुकून बोट लागलं. उजेड सहावरून दहावर गेला. परत खाली आणायचा तर पुन्हा बटणाला बोट लावावं लागेल, आणि ते नियमाविरुद्ध आहे. तसाच राहू दिला.

९ सप्टेंबर, शनिवार

ड्वेन अजून जिवंत. कोबी झालाय पण जिवंत. निर्लज्ज.

तक्त्यासाठी फोटो हवे होते. मेलेल्यांचे चेहरे पुराव्याला असलेले बरे. आर्लिसला म्हटलं, तुझ्या फोनने काचेतून एकेकाचा फोटो काढ. तिने डब्यातले तीन आणि फ्रीझरवरचे दोन असे पाचांचे काढले. बराच वेळ फोनकडे बघत बसली. मग म्हणाली, लीलंड, हे सगळे चालू आहेत. पाचही. गोल, टिकलीसारखे.

मी म्हटलं, बघू. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. लाल काहीतरी दिसत होतं खरं. पण हल्लीचे फोन! लोकांचे सुरकुतलेले चेहरे गुळगुळीत करून देतात, ते ठिपके सोडतील? तिला हे सांगितलं. ती म्हणाली, अरे, फोन खोटं बोलतो, कंपनी खोटं बोलते, मार्सी खोटं बोलते, मी खोटं बोलते. बरोबर कोण राहिलं मग?

साधा प्रश्न होता. उत्तर दिलं. ती वर निघून गेली.

२३ सप्टेंबर, शनिवार

पिकअपच्या किल्ल्या सापडत नाहीत. आर्लिस मला रेंजवर सोडते आणि न्यायला येते. तिला अचानक गाडी चालवायची हौस आलीय. असते एकेकाला.

सभेला आठ आठवडे उरले. तक्ता पूर्ण. फक्त विजेत्याची ओळ रिकामी. ड्वेन मरायची वाट बघतोय.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आज रेंजवर जरा गडबड झाली. नोंद करून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी तिखटमीठ लावायला नको.

मक्याची काढणी चालू आहे, हवेत धुरळा. अकरा जण आले होते. मी 'लाइन बंद' म्हटलं. लोक टार्गेटवरच्या भोकांना कागदी टिकल्या लावायला पुढे गेले आणि परत आले. मी डावीकडून उजवीकडे नजर टाकली, नेहमीसारखी. रेंज रिकामी. 'लाइन सुरू' म्हटलं.

मार्सी किंचाळली. थांबा, थांबा, समोर माणूस आहे.

ड्वेन चौथ्या टार्गेटपाशी होता. कागद सुटला होता तो ठोकत होता. त्याच्या अंगावर खाकी जॅकेट. मागचा मातीचा बांध खाकी. धुरळा खाकी. गोळी कुणी झाडली नाही. एकाने पिस्तूल उचललं होतं, ते त्याने खाली ठेवलं.

ड्वेन परत आला. टोमणा नाही, शिवी नाही, काही नाही. पिशवी उचलून निघून गेला. मार्सी नंतर म्हणाली की पिशवीची चेन त्याला लावताच येत नव्हती. मला काही दिसलं नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

खाकी जॅकेट घालून टार्गेटकडे जाणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. भडक रंग सक्तीचा करायला हवा. सभेत ठराव मांडणार.

१६ ऑक्टोबर, सोमवार

जेवलो नाही. हवा बदललीय.

१७ ऑक्टोबर

तळघरात गेलो नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आर्लिसला म्हटलं, चल लिंकन शहरात, एकदा ते सर्टिफिकेट आणून या लोकांच्या तोंडावर फेकतो. ती कोट घालून तयारच होती. डॉक्टरची वेळ तिने मंगळवारीच घेऊन ठेवली होती. मला न विचारता.

डॉक्टर म्हणजे कालची पोरगी. भिंतीवरची अक्षरं वाचा म्हणाली. कुठली भिंत, विचारलं. तिला तो विनोद वाटला. आर्लिसला नाही वाटला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेले. वर्षभर तरी झालं असेल म्हणे. म्हणजे डॉट पाच नव्हतेच, सात होते. हे दोन मोजायचे राहिले.

पोरीने विचारलं, तुम्ही गाडी चालवत नाही ना? आर्लिस म्हणाली, किल्ल्या माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत.

पुढे म्हणाली, अजून काही धोक्याचं काम करता का? मी म्हटलं, नाही. आर्लिस माझ्याकडे बघत होती. पोरगी लिहीत होती. मग म्हटलं, हो. करतो.

२ नोव्हेंबर, गुरुवार

कुणाची तरी वेळ रद्द झाली म्हणून माझा नंबर लवकर लागला. काल उजव्या डोळ्याचं झालं. आज पट्टी काढली. स्वयंपाकघरातला पडदा निळा आहे. मी त्याला सहा महिने राखाडी म्हणत होतो आणि आर्लिसने एकदाही वाद घातला नाही.

३ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ६

तळघर. डावा डोळा मिटून बघितलं.

पाळक पेटलेला. ड्वेन पेटलेला, दहाव्या पायरीवर, डोळे दिपवतोय. बिस्किटांचा डबा उघडला. मिलो. गिल्बर्ट. लीलंड. तिघेही चालू. त्या अंधाऱ्या डब्यात झाकणाखाली आठवडेच्या आठवडे तसेच जळत होते. गोल. कड अशी, जणू सुईने कोरलेली.

आठ महिने. एकही मेला नाही. एकही पसरला नाही.

कुचेराचा फैलाव खरा होता. कुचेराचाच होता.

तक्ता शेगडीत घातला. चांगला जाड कागद होता, पेटायला वेळ लागला. आर्लिसने विचारलं, कसला वास येतोय? म्हटलं, शास्त्राचा.

गिल्बर्टवाल्या कंपनीच्या त्या पोरीला पत्र लिहायला बसलो. दरोडेखोर हा शब्द परत कसा घेतात, ते माहीत नाही. तीनदा घ्यावा लागेल.

९ नोव्हेंबर, गुरुवार

सर्टिफिकेट मिळालं. उजव्या डोळ्यासाठी. या डोळ्यावर रेंजच काय, बसही चालवता येईल, असं डॉक्टरपोरगी म्हणाली. सही, शिक्का, तारीख. ड्वेनच्या नियमाप्रमाणे आता मला कुणी हात लावू शकत नाही.

घडी घालून पाकिटात ठेवलं. सभा येत्या गुरुवारी. जिंकलो.

१६ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी ३

सभा सातला. दुपारी ड्वेनला फोन केला, रेंजवर ये म्हटलं. का, ते विचारलं नाही त्याने. आर्लिसने सोडलं आणि गाडीतच बसून राहिली.

त्याला म्हटलं, तेच जॅकेट घातलंयस ना? म्हणाला, माझ्याकडे दुसरं आहे कुठे. म्हटलं, चौथ्या टार्गेटपाशी जाऊन उभा राहा. गेला. पंचवीस यार्ड. मी माझ्या जागेवर उभा राहिलो. डावीकडून उजवीकडे नजर टाकली, नेहमीसारखी.

जॅकेटची बटणं दिसत होती. पाच. खालचं एक तुटलेलं. कॉलर मळलेली, बायको लक्ष देत नसणार. चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. पठ्ठ्या माझ्याचकडे बघत होता. त्या दिवशीही बघत असणार, कारण त्याने माझा आवाज ऐकला होता. बांध खाकी नाही. बांध करडा आहे, त्यावर गवत आहे. माणूस बांधापुढे उभा असला की माणूस दिसतो. आंधळ्याशिवाय कुणालाही.

मला 'लाइन सुरू' हे शब्द नुसते मनात म्हणून बघायचे होते. म्हणता आले नाहीत.

ड्वेन तिथूनच ओरडला, झालं का रे, थंडी वाजतेय. म्हटलं, ये परत. गाडीपर्यंत बरोबर चाललो. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी एकही शब्द तयार नव्हता. शेवटी म्हटलं, ड्वेन, मला तू दिसला नाहीस. तो म्हणाला, माहीत आहे मला. मग म्हणाला, मार्चपासूनच माहीत होतं, म्हणून तर तो खुळचट नियम काढला. तुझ्या तोंडावर सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?

नसतं ऐकलं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी

सभेला एकवीस जण. अजेंड्यावर पहिलाच विषय माझा. ड्वेनने विचारलं, सर्टिफिकेट? पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं. त्याने चष्मा सारखा करून वाचलं. सगळं बरोबर आहे, म्हणाला, मग मतदानाची गरज नाही, लीलंड पुढेही रेंज ऑफिसर. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे बुटांकडे बघत होते. त्या दिवशीचे अकराही जण खोलीत होते आणि एकानेही तोंड उघडलं नाही. या लोकांना भित्रे म्हणायचं की दुसरं काही, ते ठरलेलं नाही.

उठलो. टोपी काढून मार्सीपुढे ठेवली. ती म्हणाली, पण तुमचं सर्टिफिकेट आहे ना? म्हटलं, आहे. चांगलं आहे. मला आता अगदी स्वच्छ दिसतं, म्हणूनच देतोय. तिने टोपी हातात घेतली पण घातली नाही. बसवाली असली तरी तेवढी समज आहे.

भाषण करणार होतो. झालं नाही. आठ महिन्यांच्या चाचणीचं काय झालं, असं मागून कुणीतरी विचारलं, आणि मी खाली बसलो.

निघताना मार्सीने शनिवारच्या यादीत माझं नाव घातलं, नेमबाज म्हणून, पाचवी जागा. पिस्तुलावर कुठला डॉट लावणार ते लिहावं लागतं, म्हणाली.

म्हटलं, कुठलाही लिही. सगळे सारखेच आहेत.